तुमच्या सायकलच्या चेनमागचा माणूस: हान्स रेनॉल्ड

गेल्या पावसाळ्यात वेताळ टेकडीवर चढ चढताना माझ्या एमटीबीची चेन तुटली. पेडलवर पूर्ण वजन टाकून उभा होतो. एक कट्ट आवाज आला, पाय एकदम हवेत गेल्यासारखा खाली आला आणि गुडघा हँडलवर आपटला. आठ दिवस लंगडत होतो. तुटलेली जागा बघितल्यावर कळलं की चूक शंभर टक्के माझीच होती. महिनाभर आधी चेन एक कडी लहान करताना मी पिन बाहेर ढकलली होती आणि तीच पिन परत ठोकून बसवली होती. लहानपणी चोवीस इंची सायकलवर आम्ही सगळे असंच करायचो, तेव्हा कधी काही झालं नाही. आत्ताच का झालं, हे शोधता शोधता मी चेनच्या इतिहासात शिरलो आणि तिथं हा माणूस भेटला.

हान्स रेनॉल्ड. मेकॅनिकलवाल्या मित्रांना हे नाव माहीत असतं, कारण कारखान्यातल्या चेनवर ते आजही छापलेलं दिसतं. बाकीच्यांना बहुतेक नसेल. पण तुमच्या सायकलची, बाइकची, झालंच तर बिल्डिंगमधल्या सरकत्या जिन्याची चेन ज्या रचनेवर चालते, ती रचना याची. १८८० सालची. आपल्या फोनमधलं बहुतेक काही पाच वर्षं टिकत नाही, म्हणून मला याचं जरा जास्तच कौतुक वाटतं.

आराऊ ते मँचेस्टर

हान्सचा जन्म १८५२ चा, स्वित्झर्लंडमधल्या आराऊ गावचा. (पुढं आइन्स्टाइन शाळेचं शेवटचं वर्ष जिथं शिकला, तेच हे आराऊ.) झुरिकला इंजिनीअरिंगचं शिक्षण झालं आणि १८७३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो इंग्लंडला आला. त्या काळी मँचेस्टर म्हणजे आजच्या भाषेत बंगळुरू आणि सिलिकॉन व्हॅली दोन्ही एकत्र, फक्त कोडच्या जागी कापूस. आसपासच्या लँकेशायर परगण्यात सूतगिरण्या होत्या आणि त्या गिरण्यांची यंत्रं बनवणारे कारखानेही होते. आपल्या मुंबईच्या गिरण्यांमधली बरीचशी यंत्रंही तिथूनच यायची. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं गिरणगावात वर्षानुवर्षं चालली.

हान्सला काम मिळालं ते यंत्रं परदेशी पाठवणाऱ्या एका पेढीत. म्हणजे यंत्र बनवायचं नाही, कुठलं यंत्र कुणाला लागतं ते बघायचं आणि विकायचं. डिग्री घेऊन आलेल्या पोराला हे काम कंटाळवाणं वाटलं असेल. पण सहा वर्षं रोज गिरण्यांची यंत्रं बघत राहिलं की कुठलं यंत्र कुठं मोडतं हे आपोआप कळतं. आमच्याकडे सपोर्टमध्ये दोन वर्षं काढलेला माणूस प्रॉडक्टबद्दल जे सांगतो, ते आर्किटेक्टला माहीत नसतं, तसंच हे.

१८७९ मध्ये त्यानं मँचेस्टरला खेटून असलेल्या सॅलफर्डमधला एक छोटा धंदा विकत घेतला. जेम्स स्लेटर नावाचा माणूस तिथं गिरणीच्या यंत्रांसाठी चेन बनवायचा. हान्स तेव्हा सत्तावीस वर्षांचा. मीही त्याच वयाच्या आसपास आहे आणि माझ्या नावावर सध्या एक सायकल आणि तिचे तीन हप्ते आहेत.

स्लेटरची चेन कुठं कमी पडत होती

इथं जरा थांबून चेन समजून घेऊ, कारण हान्सचं मोठेपण या एका जागेत आहे.

चेन ही कल्पना त्याची नाही. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांमध्ये पिन आणि पट्ट्यांच्या साखळीची चित्रं आहेत, म्हणजे डोक्यात ती जवळजवळ चारशे वर्षं होती. स्लेटरनं १८६४ मध्ये पेटंट घेतलं होतं, त्यात रोलरसुद्धा होते. मग अडत काय होतं?

चेन स्प्रॉकेटवर वळते तेव्हा प्रत्येक सांधा थोडासा दुमडतो आणि पुढं जाऊन परत सरळ होतो. दुमडताना पिन आतल्या पट्टीच्या भोकात फिरते. सगळा ताण या फिरणाऱ्या जागेतून जातो. आता पट्टीची जाडी किती? आजच्या सायकलच्या चेनमध्ये साधारण एक मिलिमीटर. दोन पट्ट्या म्हणजे दोन मिलिमीटर. इतक्याशा धारेवर पूर्ण भार घेऊन पिन घासते. लोखंड कितीही चांगलं असलं तरी भोक लांबट होणार, पिनेला खाचा पडणार आणि चेन सैल होणार.

भार किती ते हिशेबानं बघा. माझं वजन ८० किलो धरू (आहे त्यापेक्षा थोडं कमी). क्रँक १७० मिलिमीटरची आणि पुढचं स्प्रॉकेट ३२ दातांचं. त्याची त्रिज्या साधारण ६५ मिलिमीटर येते. चढावर पेडलवर उभा राहिलो की चेनवरचा ताण ८० गुणिले १७० भागिले ६५, म्हणजे जवळजवळ २१० किलो. चेनच्या एका ओळीवर, एका वेळी. त्यातला प्रत्येक सांधा हे २१० किलो त्या दोन मिलिमीटरच्या धारेवर पेलणार असेल तर किती दिवस टिकेल?

हान्सचा उपाय इतका साधा आहे की कळल्यावर कपाळावर हात मारावासा वाटतो. त्यानं दोन आतल्या पट्ट्यांच्या मधे एक पोकळ नळी घट्ट दाबून बसवली. हा बुश. पिन आता पट्टीच्या धारेवर न फिरता या नळीच्या आत, तिच्या पूर्ण लांबीवर फिरते. भार तेवढाच, पण तो पेलणारी जागा कितीतरी पट वाढली, म्हणून दाब कमी झाला आणि झीजही कमी झाली. नळीच्या बाहेरून रोलर मोकळा फिरतो, तो स्प्रॉकेटच्या दातावर घासण्याऐवजी गडगडतो.

पिननं ताण घ्यायचा, बुशनं फिरण्याची जागा द्यायची आणि रोलरनं दाताशी गाठ घालायची. आधी दोन-तीन कामं एकाच भागाच्या डोक्यावर होती, ती त्यानं वाटून दिली. प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. एका फंक्शनमध्ये चारशे ओळी कोंबलेल्या असतात, ते फोडून तीन केली की अर्धे बग आपोआप सापडतात. हान्सनं लोखंडात तेच केलं आणि १८८० मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आजही कॅटलॉगमध्ये या चेनला बुश रोलर चेन म्हणतात.

हान्सनं हे सायकलसाठी केलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. त्याच्यापुढं गिरणीची यंत्रं होती. चेन तुटली की यंत्र थांबतं, यंत्र थांबलं की सूत थांबतं आणि मालक बोंब मारतो.

मग सायकल आली

ज्या वर्षी हान्सनं सॅलफर्डचा धंदा घेतला, त्याच १८७९ मध्ये हॅरी लॉसन नावाच्या इंग्रज माणसानं चेननं मागचं चाक फिरवणारी सायकल बनवली. ती फारशी खपली नाही. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं रोव्हर आणली आणि चित्र पालटलं. आजच्या आपल्या सायकलचा सांगाडा तोच.

त्याआधी ती जुन्या चित्रांत दिसणारी उंच सायकल होती, पुढचं चाक माणसाएवढं आणि मागचं चिमुकलं. तिचं चाक एवढं मोठं का, हे मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं, मी ते फॅशन समजत होतो. खरं कारण असं की पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं असायचं. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा असेल तर चाक मोठं करण्यावाचून इलाज नाही. दगडावर अडखळलं की स्वार डोक्यावर पडायचा, आणि तेही पाच फुटांवरून.

चेन आली आणि ही गाठ सुटली. पुढं ३२ दात, मागं १६ दात, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे दोन फेरे. २८ इंची चाक मग ५६ इंची चाकासारखं पळतं आणि बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकतात. लहान चाकाला रस्त्याचे हादरे जास्त बसायचे, ती अडचण १८८८ मध्ये डनलॉपच्या हवेच्या टायरनं सोडवली. सायकल सगळ्यांची झाली, बायकांचीसुद्धा.

पण हे सगळं उभं होतं चेनच्या भरवशावर. चेन महिन्याभरात सैल होऊन दातांवरून उड्या मारायला लागली असती तर लोक परत घोड्यावर बसले असते. सुरुवातीच्या बऱ्याच सायकलींवर ठोकळ्यांची चेन असायची, रोलर नसलेली. ती स्वस्त पडायची पण घासायची फार. हळूहळू बुश आणि रोलरवाली चेन जिंकली.

इथं एक बारीक गंमत आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये पेटंटची मुदत १४ वर्षं असायची. म्हणजे १८८० चं पेटंट फार तर १८९४ पर्यंत. आणि सायकलचं खरं वेड युरोप-अमेरिकेत पसरलं ते नेमकं १८९५ च्या आसपास! सगळ्यात मोठा बाजार उघडला तेव्हा हान्सची रचना कुणीही वापरू शकत होतं. मला वाटतं, ती जगभर एकसारखी पसरली त्यात याचाही हात असणार. ओपन सोर्स झाल्यावर एखादी लायब्ररी जशी सगळीकडे घुसते, तसं काहीसं. हान्सला याचं वाईट वाटलं असेल की नाही, कोण जाणे. तो मात्र तोवर पुढच्या कामाला लागला होता.

आवाज न करणारी चेन

रोलर चेनमध्ये एक दोष आहे आणि तो बुशनंही जात नाही. चेन स्प्रॉकेटवर गोल फिरत नाही, बहुभुज आकृतीत फिरते. ११ दातांचं स्प्रॉकेट म्हणजे ११ बाजूंचा बहुभुज. प्रत्येक कडी दातावर चढते तेव्हा चेन किंचित वर-खाली होते आणि तिचा वेग किंचित कमी-जास्त होतो. ११ दातांवर हा फरक साधारण ४ टक्के, १० दातांवर ५ टक्के, ३२ दातांवर अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणूनच एमटीबीवर मागच्या सगळ्यात छोट्या गिअरला टाकलं की पायाला हलकीशी खरखर जाणवते. ती तुमची कल्पना नाही.

सायकलवर हे चालून जातं. पण यंत्र मिनिटाला हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक कडीचा छोटासा धक्का म्हणजे आवाज आणि थरथर. १८९५ मध्ये हान्सनं यावर दुसरी चेन काढली. तिच्यात रोलर नाहीतच. पट्ट्यांनाच दात असतात, उलटे, आणि ते स्प्रॉकेटच्या दातांमध्ये सरकत, टेकत बसतात. धक्का कमी होतो. नावच पडलं सायलेंट चेन. आज कितीतरी गाड्यांच्या इंजिनात जी टायमिंग चेन असते, ती याच जातीची.

घड्याळ आणि ४८ तास

आता त्याच्या आयुष्यातला जो भाग माझ्या मनात सगळ्यात जास्त रेंगाळला, तो. त्यात चेन नाही, माणसं आहेत.

धंदा वाढला, सॅलफर्ड सोडून मँचेस्टरमध्ये मोठ्या जागा घेतल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्नेज भागात कारखाना उभा राहिला. चेन बनवणं म्हणजे एकाच मापाचे हजारो भाग बनवणं. तुमच्या सायकलच्या चेनमध्ये साधारण ११५ ते १२५ सांधे असतात. प्रत्येकात पिन, बुश, रोलर, पट्ट्या. त्यातली एक पिन कच्ची निघाली तर सगळी चेन कच्ची. त्यामुळं मोजमाप, स्टीलला दिलेली उष्णता आणि तपासणी यांत ढिलाई चालतच नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक टेलर हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या प्रत्येक हालचालीचा वेळ मोजत होता आणि काम त्या हिशेबानं बांधून देत होता. हान्सनं आणि त्याच्या मुलानं, चार्ल्सनं, ही पद्धत ब्रिटनमध्ये अगदी आधी उचलली. चार्ल्स अमेरिकेत कॉर्नेलला शिकून आला होता. कामाचा हिशेब, विभागांची मांडणी, खर्च कुठं होतो त्याची नोंद, हे सगळं त्यांच्याकडे व्यवस्थित लिहिलेलं असायचं, आणि व्यवस्थापनाच्या इतिहासात ब्रिटनचं उदाहरण म्हणून रेनॉल्डचाच कारखाना सांगतात.

खरं सांगतो, हे वाचून माझं तोंड जरा कडू झालं. मी रोज संध्याकाळी टाइमशीट भरतो. पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे, प्रत्येकाला तिकीट नंबर. ती पद्धत ज्या झाडाची फांदी आहे, त्या झाडाला पाणी घालणाऱ्यांत हा माणूस होता.

पण त्याच माणसानं १८९६ मध्ये कारखान्यात आठवड्याला ४८ तास काम लागू केलं. आजूबाजूच्या इंजिनीअरिंग कारखान्यांत तेव्हा ५३-५४ तास चालायचे. कामगारांसाठी खाणावळ काढली. सोशल युनियन स्थापन झाली, म्हणजे खेळ, करमणूक, एकत्र येणं. पहिल्या महायुद्धाच्या काळात कामगारांच्या प्रतिनिधींशी बसून बोलण्यासाठी समित्या झाल्या, त्यात चार्ल्सचा पुढाकार होता. म्हणजे घड्याळ लावायचं, पण त्या घड्याळात तास कमीही करायचे. त्यात भलेपणा किती आणि हिशेब किती, हे मला सांगता येणार नाही. थकलेला माणूस पिन वाकडी बसवतो, हे त्याला कळत असणारच. कारण काहीही असो, १८९६ मधल्या मँचेस्टरच्या फिटरला शनिवारी लवकर घरी जायला मिळालं. १३० वर्षांनी आपण आठवड्याला ७० तासांवर वाद घालतोय.

१९३० मध्ये कंपनी आणि कॉव्हेंट्री चेन कंपनी एकत्र आल्या आणि दोघांचं जोडनाव झालं. हान्स १९४३ मध्ये वारला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, दुसरं महायुद्ध चालू असताना. इंग्लंडलाच त्यानं घर मानलं होतं, नागरिकत्वही तिथलंच घेतलं होतं. चार्ल्स पुढं सर चार्ल्स झाला आणि ब्रिटिश इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचा पहिला अध्यक्ष.

मग माझी चेन का तुटली?

आता परत टेकडीवर येऊ.

हान्सच्या रचनेला आपल्या गिअरच्या सायकलींनी एक मोठा बदल केलाय. आजच्या डिरेलरवाल्या चेनमध्ये पूर्ण नळीचा बुश नसतो! आतल्या पट्टीचं भोकच दाबून आतल्या बाजूला कॉलरसारखं वळवलेलं असतं. दोन्ही पट्ट्यांच्या कॉलर समोरासमोर येतात आणि त्या दोघी मिळून बुशचं काम करतात. भार पेलणारी जागा जवळजवळ तेवढीच राहते, आणि चेन बाजूला थोडी लवते. गिअर बदलताना एका स्प्रॉकेटवरून दुसऱ्यावर तिरकं जाण्यासाठी ते हवंच. मधल्या फटीतून तेल आत शिरतं, हा बोनस.

दुसरा बदल रुंदीत. मागं सहा-सात स्प्रॉकेटच्या जागी अकरा-बारा बसवायचे म्हणजे चेन बारीक करावी लागते. आतली जागा फार कमी करता येत नाही, म्हणून पट्ट्या पातळ केल्या आणि पिन पट्टीच्या बाहेर जेमतेम डोकावते. मग ती निसटू नये म्हणून कारखान्यात पिनेची टोकं दाबून फुलवतात, रिव्हेटसारखी.

माझा गुन्हा आता दिसतोय. मी पिन ढकलली तेव्हा ते फुललेलं टोक पट्टीच्या भोकातून खरवडत गेलं. टोक छाटलं गेलं, भोक थोडं मोठं झालं. परत बसवली तेव्हा ती नुसती घासून बसली होती, तिला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. महिनाभर बिचारी टिकली, मग २१० किलोच्या खाली पट्टी सुटली. चोवीस इंची सायकलच्या जाड चेनला हे चाललं, कारण तिची पिन बाहेर भरपूर लांब असायची.

नऊ स्पीडच्या पुढच्या चेनला म्हणून जुनी पिन परत कधीच वापरायची नाही. दोन रस्ते आहेत. शिमानोच्या चेनसाठी खास जोडपिन मिळते, तिला टोकदार शेपूट असतं. ती आत ढकलली की शेपूट पकडीनं मोडून टाकायचं. दुसरा, माझ्या मते कितीतरी सोपा रस्ता म्हणजे क्विक लिंक. दोन पट्ट्या, प्रत्येकीला एक पिन, एकमेकींत अडकतात. फक्त आपल्या चेनच्या स्पीडचीच घ्यायची. अकराची बाराला चालत नाही.

जोडताना सगळे अडखळतात ती जागा अशी. चेनमध्ये एक रुंद कडी, एक अरुंद कडी, असं आलटून पालटून असतं. क्विक लिंक स्वतः रुंद कडी आहे, त्यामुळं तिच्या दोन्ही बाजूंना अरुंद टोकंच यायला हवीत. म्हणजे खराब कडी अरुंद असेल तर ती एकटी काढून भागत नाही, चेन पूर्ण एक इंच कमी होते. चेन ब्रेकरमध्ये चेन नीट बसवा, स्क्रूचं टोक पिनेच्या बरोबर मधोमध आणा आणि हळू फिरवा. तिरका लागला की ब्रेकरचंच टोक मोडतं (माझं मोडलंय). क्विक लिंक अडकवून ती चेनच्या वरच्या भागात आणा, मागचा ब्रेक दाबा आणि पेडलवर जोर द्या. टक्क आवाज आला की बसली. उघडताना पक्कड नसेल तर बुटाची नाडी दोन्ही बाजूंच्या रोलरभोवती गुंडाळून आवळली तरी सुटते. इंचभर चेन कमी झाली असेल तर घरी जाईपर्यंत पुढचं मोठं आणि मागचं मोठं स्प्रॉकेट एकत्र टाकू नका, डिरेलर ताणून मोडेल.

आणि तेल. हान्सचं लॉजिक लक्षात असेल तर तेल कुठं घालायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. झीज पिन आणि बुशच्या मधे होते, म्हणून तेल तिथं पोचायला हवं. प्रत्येक रोलरवर एक थेंब, पेडल उलटं फिरवत. दहा मिनिटं थांबायचं आणि मग बाहेरचं सगळं तेल फडक्यानं पुसून टाकायचं. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं, आणि तेल अधिक धूळ म्हणजे पॉलिशपेपर. गॅरेजमधलं जळकं ऑइल तर अजिबात नको, त्यात इंजिनच्या लोखंडाची पूड असते. ग्रीसही नको, ते आत शिरत नाही. सह्याद्रीच्या पावसाळी लाल चिखलात घट्टसर वेट ल्यूब, उन्हाळ्याच्या फुफाट्यात ड्राय ल्यूब किंवा मेण.

चेन लांबली असं आपण म्हणतो, पण पट्टी लांबत नाही. प्रत्येक पिन-बुशमधली जागा थोडी थोडी झिजते आणि त्या सगळ्यांची बेरीज आपल्याला लांबी म्हणून दिसते. सायकलच्या चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. तुमच्या १०० ते १५० सीसी बाइकवर ४२८ नंबरची चेन असेल तर तिचंही तेवढंच, त्या नंबरातला पहिला ४ म्हणजे चार अष्टमांश इंच. घरी फुटपट्टी असली तरी मोजता येतं. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि पुढं २४ सांधे मोजा. नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते, ३०४.८ मिलिमीटर. ती दीड मिलिमीटर पुढं सरकली, म्हणजे ३०६.३ च्या आसपास आली, की अर्धा टक्का झीज झाली. अकरा-बारा स्पीडला तिथंच चेन बदला. आठ-नऊ स्पीडला पाऊण टक्क्यापर्यंत, म्हणजे ३०७ पर्यंत चालतं. त्यापुढं ताणलंत तर झिजलेली चेन स्प्रॉकेटचे दातही आपल्या मापाचे करून घेते, मग नवी चेन त्यावर बसत नाही आणि कॅसेटचा खर्च वेगळा.

माझी नवी चेन आज सकाळी मोजली. ३०५ च्या किंचित पुढं आहे.